14 नंबरची जर्सी

मंडळी, अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या बुश स्टेडियममध्ये गेलात तर कार्डिनल्स या बेसबॉल संघाने कायमचे राखून ठेवलेले जर्सीचे नंबर बघून या. 6 नंबर स्टॅन म्युझियलचा, 20 लू ब्रॉकचा, 45 बॉब गिब्सनचा. ज्यांच्या मानासाठी हे नंबर राखले ते सगळे खेळाडू कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात, पोचले आहेत. एक सोडून. 14 नंबरचा केन बॉयर बाहेरच राहिला आहे. त्याला आत घ्या, एवढंच मागायला मी आज उभा आहे.

बॉयर तिसऱ्या बेसवरचा खेळाडू, म्हणजे थर्ड बेसमन, म्हणून आधी तिथलं काम समजून घेऊ. बेस म्हणजे धाव काढायला बॅटरने पळत एकेक करून गाठायचे टप्पे. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, हा बेस 90 फुटांवर. उजव्या हाताच्या बॅटरने जोरात ओढलेला चेंडू थेट इथे येतो, म्हणून या जागेचं नावच ‘हॉट कॉर्नर’. तो अडवायचा, उठायचं, आणि मैदान ओलांडून सुमारे 127 फुटांवरच्या पहिल्या बेसवर फेकायचा, तोही बॅटर तिथे पोचायच्या आत. पुढच्याच चेंडूला बॅटर नुसती बॅट धरून चेंडू पुढ्यात मेल्यासारखा पाडतो. मग पुढे झेपावून उघड्या हाताने उचलायचा आणि पळता पळता फेकायचा. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर नजर सिली पॉइंटची हवी आणि खांदा सीमारेषेवरून थेट यष्टी उडवणाऱ्याचा. शिवाय या माणसाने बॅटनेही धावा काढाव्यात ही अपेक्षा आहेच. हॉल ऑफ फेमचा हिशेब मात्र बहुतेक बॅटचाच होतो. थर्ड बेसमन तिथे इतके कमी का, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

बॉयर मिसूरीतल्या अल्बा नावाच्या लहानशा गावात वाढला. चौदा भावंडं. त्यांतले तिघे, क्लॉइड, केन आणि क्लीट, मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलपर्यंत पोचले. केनला कार्डिनल्सने घेतलं ते पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा म्हणून. कोरियन युद्धाच्या काळात त्याची दोन वर्षं लष्करात गेली, त्यामुळे मेजर लीगमध्ये पाऊल टाकायला 1955 साल उजाडलं. तेव्हा तो चोविशीला टेकला होता. 1957 मध्ये संघाला गरज पडली म्हणून तिसरा बेस सोडून तो सेंटर फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, जाऊन उभा राहिला, पुढच्या वर्षी परत आला आणि लगेच गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला. असे पाच गोल्ड ग्लव्ह त्याच्या नावावर आहेत.

1958 ते 1964 ही सात वर्षं पाहा. दर वर्षी 90 किंवा त्याहून अधिक आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटमुळे संघाच्या खात्यात पडलेल्या धावा. 1961 ते 1964 या चार हंगामांत होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर भिरकावलेले फटके, किती? 24, 24, 24, 24. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा छापताना चूक झाली असावी असं मला वाटलं होतं! एकूण कारकिर्दीत 2143 हिट, म्हणजे सुखरूप बेस गाठून देणारे फटके, 282 होम रन, आणि .287 सरासरी, म्हणजे हजार संधींत 287 हिट.

आक्षेप ठाऊक आहे: 300 होम रन नाहीत, 2500 हिट नाहीत. खरं आहे. सुरुवात उशिरा झाली आणि 1965 पासून पाठीने दगा दिला. पण त्याच्या सर्वोत्तम सात हंगामांचं मोल आजच्या ‘वॉर’ या मापाने काढलं, ज्यात बॅट आणि ग्लव्ह दोन्ही धरतात, तर ते हॉल ऑफ फेममधल्या थर्ड बेसमनांच्या सरासरीच्या वर जातं. आत असलेल्या खेळाडूंच्या पंगतीत तो उपरा वाटणार नाही.

आणि 1964. त्या वर्षी 119 आरबीआयसह तो नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकात, पहिला आला, एमव्हीपी म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडूही तोच. वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेत समोरचा न्यूयॉर्क यांकीज संघ 2-1 ने पुढे. 11 ऑक्टोबरचा चौथा सामना, यांकी स्टेडियम. पहिल्याच डावात यांकीजच्या 3 धावा आणि कार्डिनल्सचा पिचर माघारी. सहाव्या डावात तिन्ही बेसवर कार्डिनल्सचे खेळाडू उभे असताना यांकीजच्या अल डाउनिंगने संथ चेंडू टाकला आणि कर्णधार बॉयरने तो डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. सामना 4-3 असा संपला. कार्डिनल्सच्या चारही धावा त्या एका फटक्यातल्या. बेसची फेरी मारताना तिसऱ्या बेसवर यांकीजच्या जर्सीत उभा होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ, क्लीट. सातव्या सामन्यात दोघांनीही होम रन मारले, आणि सिरीज केनच्या संघाने जिंकली.

मग मतदारांनी काय केलं? हॉल ऑफ फेममध्ये जायला पत्रकारांच्या मतदानात 75 टक्के मतं लागतात. 1979 मध्ये त्याला पाच टक्केही मिळाले नाहीत आणि नाव गळलं. 1985 मध्ये ते परत घेतलं, पण 1988 च्या पंचवीस टक्क्यांच्या पुढे मजल गेली नाही. डिसेंबर 2024 मध्ये जुन्या नावांचा फेरविचार करणाऱ्या 16 जणांच्या समितीपुढे बॉयरसह आठ नावं होती. निवडून यायला 12 मतं हवीत, आणि प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त तीनच मतं. म्हणजे सगळी मिळून 48. डेव्ह पार्करला 14, डिक अ‍ॅलनला 13, टॉमी जॉनला 7. उरलेल्या पाच जणांसाठी फार तर 14 मतं शिल्लक. पार्कर आणि अ‍ॅलन आत गेले याचा मला मनापासून आनंद आहे. पण या गणितात बॉयरचा नीट विचार झाला असं मी कसं म्हणू? त्याला पाचपेक्षा कमी मतं पडली.

शिकागो कब्ज संघाचा थर्ड बेसमन रॉन सँटो याचं नावही त्याच 1985 मध्ये बॉयरबरोबर परत आलं होतं. सँटोला अखेर निवडलं ते 2011 च्या डिसेंबरात, तो गेल्यानंतर वर्षभराने. बॉयर तर 1982 मध्येच कॅन्सरने गेला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. 14 नंबर राखून ठेवण्याचा मान कार्डिनल्सने 1984 मध्ये दिला, तोही त्याने पाहिला नाही. आता कूपर्सटाउनच्या व्यासपीठावर त्याच्या वतीने घरचंच कुणीतरी उभं राहणार. समितीने तेवढी वेळ तरी येऊ द्यावी.