बालगृहात एवढी मुलं आहेत, मग दत्तक का मिळत नाहीत?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलाय. "ताई, मुंबईत एवढी बालगृहं, एवढी मुलं, मग आम्ही तीन-चार वर्षं रांगेत का?" त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न: "आमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये मुलगी आहे, ती कायमची आमची कधी होणार?" (फॉस्टर केअर म्हणजे मूल दत्तक न देता काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं.) दोन्हींचं घोडं एकाच जागी अडलंय, म्हणून आज त्याच जागेबद्दल बोलू.

नोंदणीचं भरभर सांगते, ते आता बहुतेकांना पाठ आहे. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नाव घालायचं, कागदपत्रं अपलोड करायची, सोशल वर्कर घरी येऊन होम स्टडी करतात, मग रांग. रेफरल, म्हणजे एखाद्या मुलाची माहिती तुमच्याकडे आली की ४८ तासांत मूल राखून ठेवायचं. जोडप्याच्या लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, तुमच्यात आणि मुलात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. झालं.

आता खरी गोष्ट. मूल संस्थेत आहे म्हणून ते दत्तकासाठी मोकळं आहे, असं नसतं. बालकल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीने, त्याला 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' असं जाहीर करावं लागतं. आमच्या कामातले लोक एकमेकांना हेच विचारतात, "एलएफए झालं का?" (एलएफए म्हणजे 'लीगली फ्री फॉर अ‍ॅडॉप्शन', हीच कायदेशीर मुक्ती.) ते झालं नसेल, तर तुम्ही कितीही चांगले आईबाप असा, ते मूल पोर्टलवर दिसणारच नाही.

सीएसएमटीला फलाटावर एकटा सापडलेला आठ वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. कोणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन केला, मुलगा समितीपुढे आला, बालगृहात गेला. तो अनाथ आहे का? बहुतेक वेळा नाही. त्याची आई दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या पोलीस ठाण्यात रडत बसलेली असू शकते. म्हणून वर्तमानपत्रात मुलाच्या फोटोसकट जाहिरात द्यायची, पोलिसांनी शोध घेऊन पालक सापडत नाहीत असा अहवाल द्यायचा, आणि मग समितीच्या किमान तीन सदस्यांनी मिळून निर्णय घ्यायचा. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत, असं कायदा सांगतो.

कमेंटमध्ये एका दादांनी लिहिलंय, "ज्या आईने मूल सोडलं तिची एवढी काळजी कशाला?" दादा, काळजी करायलाच हवी. स्वतःहून समितीपुढे मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. बाळंतपणानंतरच्या त्या दिवसांत घरच्यांच्या दबावाखाली सही केलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि चाळिसाव्या दिवशी आईला सोबत घेऊन बाळ परत न्यायला आलेलीही पाहिलीय. हे ६० दिवस कापून कोणाचं घर भरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि कृपा करून "कुठल्या हॉस्पिटलात थेट मिळेल" हे मला विचारू नका. मी त्या कमेंट काढून टाकते. मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि तुरुंगाआधीच त्या बाळाचं सगळं आयुष्य खोट्या जन्मदाखल्यावर उभं राहतं.

पण मुदतीचं काय? इथे माझा राग आहे. फाईल हलत नाही! एका संस्थेतल्या मुलीला भेटायला वर्षानुवर्षं कोणी आलं नव्हतं. तिचा अर्जच समितीकडे गेला नव्हता. चार वर्षांची असताना आली, अकरा वर्षांची झाली तरी कागदावर तिला 'पालक आहेत'. रांगेतल्या बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असतं. फाईल पडून राहिली की मूल मोठं होतं, आणि मोठं झालं की त्याला विचारणारं कोणी उरत नाही. म्हणून समितीच्या त्या सहीला मी इतकी चिकटून बसलेय.

आता फॉस्टर केअरवाल्या घरांकडे येते. २०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्यापासून "आता दोन वर्षांत दत्तक" असे रील फिरतायत. खरं काय ते ऐका. पूर्वी फॉस्टर पालकांना दत्तकासाठी पाच वर्षं थांबावं लागायचं, आता ती अट दोन वर्षांवर आली. चांगलीच गोष्ट आहे. एकट्या व्यक्तीलाही आता फॉस्टर केअर घेता येतं. पण दोन वर्षं पूर्ण झाली म्हणून मूल आपोआप तुमच्या नावावर होत नाही. समितीचा निर्णय इथेही लागतोच. ज्याचे आईवडील येऊन-जाऊन आहेत, ते मूल त्यांच्याकडे परतावं हाच फॉस्टर केअरचा पहिला हेतू असतो.

भांडुपच्या एका घरात हे मी जवळून पाहिलं. नऊ वर्षांची मुलगी, शाळेच्या सहलीचा फॉर्म भरायचा होता. 'पालकाची सही' या रकान्यापाशी त्या काकूंचं पेन थांबलं, मग त्यांनी सही करून कंसात 'सांभाळकर्ती' लिहिलं. मुलगी ओट्यापाशी भेंडी पुसत उभी होती. तिने विचारलं, "रेशनकार्डावर माझं नाव कधी घालायचं?" काकू म्हणाल्या, "साहेब सांगतील तेव्हा." पण साहेबांकडे कोणी विचारायलाच गेलं नव्हतं.

तर तुमच्याकडे असं मूल असेल, तर नुसती वाट बघू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, मुलाची फाईल कुठे आहे ते आधी बघा. तीन गोष्टी लेखी विचारा: मूल कोणत्या गटात नोंदलंय (अनाथ, सोडून दिलेलं की सोपवलेलं), आईवडील किंवा नातेवाईक शेवटचे कधी भेटले, आणि कायदेशीर मुक्तीचा प्रस्ताव समितीपुढे ठेवलाय का. नसेल, तर तो ठेवावा म्हणून त्याच अर्जात विनंती करा. वर्षाहून जास्त काळ कोणी भेटायला आलं नसेल, तर ते तारखांसकट लिहा. मुलालाही त्याच्या वयाला समजेल असं सांगा, त्याचं म्हणणं ऐका, समितीही ऐकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. महिन्याभराने तोच क्रमांक घेऊन परत जा.