पात्यासाठी पोलाद निवडताना

सुऱ्या घडवायला निघालेला नवशिका बहुधा पहिल्यांदा हेच विचारतो की, पात्यासाठी सर्वांत चांगले पोलाद कोणते. त्याला उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो की, तुमच्याजवळ भट्टी कोणती आहे आणि तिचे तापमान तुम्हाला किती नेमके राखता येते. पोलादाच्या पट्टीची निवड या उत्तरावर ठरते, कारण ज्या पोलादाला हवा तसा उष्णोपचार, म्हणजे ठरल्या रीतीने तापवणे आणि गार करणे, आपल्याला देता येत नाही, ते कितीही नावाजलेले असले तरी आपल्या हातून त्याचे मध्यमच पाते बनते.

डी-२ या पोलादाचे उदाहरण घेऊ. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि ११ ते १३ टक्के क्रोमियम असल्यामुळे त्याची धार झिजता झिजत नाही. मात्र ते कठीण करण्यासाठी सुमारे १,०१० अंश सेल्सिअस तापमान बराच वेळ स्थिर राखावे लागते आणि तेवढ्या वेळात पृष्ठभागातला कार्बन जळून जाऊ नये म्हणून पाते स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात हवाबंद गुंडाळावे लागते. उघड्या गॅसभट्टीवर हे साधत नाही. शिवाय एवढे क्रोमियम असूनही डी-२ गंजते, कारण क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडांच्या, म्हणजे कार्बन आणि धातूच्या कठीण संयुगांच्या, कणांत अडकून पडतो. हे माहीत नसलेले अनेक जण ते स्टेनलेस समजून विकत घेतात आणि नंतर निराश होतात.

साधी भट्टी असलेल्याने १०८४ या पोलादापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यात ०.८० ते ०.९३ टक्के कार्बन आणि ०.६० ते ०.९० टक्के मँगनीज असते. कार्बनचे हे प्रमाण असे आहे की विरघळवायला जादा कार्बाइड फारसे उरत नाहीत, त्यामुळे सुमारे ८१५ अंशांवर पाते फार वेळ धरून ठेवण्याची गरज पडत नाही. लोहचुंबक पोलादाला सुमारे ७७० अंशांवर चिकटेनासा होतो. ती खूण घेऊन थोडे आणखी तापवले आणि जलद गार करणाऱ्या तेलात बुडवले, की काम होते. १०९५ हे नावाने शेजारचे, पण वागायला कितीतरी कडक आहे. त्यात मँगनीज केवळ ०.३० ते ०.५० टक्के असल्याने तापलेले पाते सुमारे ५४० अंशांच्या खाली जेमतेम एका सेकंदात आणावे लागते, आणि तेल जरा मंद असले तरी धार नरम राहते. ओ-१ हे पोलाद या बाबतीत बरेच सोसते. त्यातले मँगनीज, क्रोमियम आणि टंगस्टन गार होण्यासाठी अधिक अवधी देतात, पण सुमारे ८०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे स्थिर धरण्याची अट ते घालतेच.

प्रकार ठरल्यावर पट्टी कोणत्या अवस्थेत मिळते ते पाहावे, आणि माझ्या मते खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच. गरम लाटलेल्या पट्टीवर काळी खपली असते आणि खपलीखाली कार्बन कमी झालेला थर असतो. तो घासून काढला नाही तर पृष्ठभागावर केलेली कठिणतेची चाचणी फसवी निघते. म्हणून अशी पट्टी हव्या त्या जाडीपेक्षा थोडी जास्त घ्यावी. अचूक घासलेली पट्टी महाग पडते, पण ज्याच्याकडे मोठे ग्राइंडर नाही त्याचे श्रम ती वाचवते. पट्टी खूप नरम केलेली असेल, म्हणजे तिच्यातली कार्बाइड मोठ्या गोल कणांच्या रूपात असतील, तर ती कानशीने आणि ड्रिलने सुखाने कापली जाते, परंतु हेच कण भट्टीत सावकाश विरघळतात. घाईने बुडवलेले असे पाते नरम निघते आणि दोष पोलादाला दिला जातो. अशी पट्टी आधी तापवून हवेत गार करून घ्यावी, हे विक्रेत्याने सांगितले नाही तरी आपण विचारले पाहिजे.

विक्रेत्याकडे कारखान्याचा दाखला मागावा. त्यावर त्या वितळणीचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा, क्रमांक आणि प्रत्यक्ष रासायनिक घटक छापलेले असतात. १०८४ हे नाव एक मर्यादा सांगते, ०.६० टक्के मँगनीजची पट्टी आणि ०.९० टक्क्यांची पट्टी, दोन्ही नियमाने १०८४ च, पण जाड पात्यात त्या सारख्या कठीण होत नाहीत.

भंगारातली कानस किंवा गाडीचा पाटा स्वस्त पडतो, हे खरे. पण काही कानशींचा केवळ वरचा थर कठीण केलेला असतो, आणि वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. दुसऱ्याच्या हातात द्यायच्या सुरीसाठी मी ते वापरू नये असेच सांगेन.

जाडीबद्दल थोडक्यात सांगतो: स्वयंपाकाच्या सुरीला दोन ते अडीच मिलिमीटर पुरते, रानात वापरायच्या सुरीला तीन ते चार.

एकाच वेळी मोठा साठा घेऊ नये. आधी एक पट्टी घ्यावी, तिचा लहान तुकडा कापून कठीण करावा, चिमट्यात धरून मोडावा आणि मोड, म्हणजे तुटलेला पृष्ठभाग, पाहावी. ती बारीक, राखाडी आणि मखमली दिसली तर तापमान योग्य होते. चमचमणारे जाड दाणे दिसले तर पोलाद जास्त तापले होते. चाचणी समाधानकारक झाली, की त्याच वितळणीच्या क्रमांकाची पुढची खरेदी करावी. पट्टीच्या ज्या टोकाला रंगाची किंवा ठशाची खूण असेल, ते टोक शेवटपर्यंत राखून ठेवावे, तुकडे दुसऱ्या टोकाकडून कापावेत आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर प्रकाराचे नाव व वितळणीचा क्रमांक लगेच कोरून ठेवावा.