दोन रेषांमधली जमीन

एखाद्या शहराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. त्यावर दोन रेषा आहेत. आतली रेषा म्हणजे शहराची आजची हद्द. बाहेरची म्हणजे वाढीची सीमा, शहर पुढेमागे जिथवर पसरेल तिथवर. या दोन्हींच्या मधली जमीन आज काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाकडे आहे, उद्या शहरात जाणार आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात शहर आणि काउंटीचं पटतं की बिनसतं, ते याच पट्ट्यात कळतं.

टॉम मॅकॉल गव्हर्नर असताना, 1973 मध्ये, राज्याने सिनेट बिल 100 हा जमीनवापराचा कायदा मंजूर केला. त्यातून आलेल्या नियमांनुसार प्रत्येक शहराने ही सीमा आखायची, आणि पुढच्या 20 वर्षांच्या घरांना पुरेल इतकी जमीन तिच्या आत ठेवायची. सीमेबाहेरच्या शेतजमिनीचे साधारणपणे 80 एकरांहून लहान तुकडे पाडता येत नाहीत, चराऊ रानाचे 160 एकरांहून. बाहेरचा हिशेब असा सरळ आहे. घोळ होतो तो आत.

हा 1 एकराचा प्लॉट बघा. घर बरोबर मधोमध. मागे सेप्टिक टँक, त्याला लागून सांडपाणी जमिनीत मुरवणारे चर. काउंटीच्या नियमात सगळं बसतं. दहा वर्षांनी शहर इथवर येतं. त्याला एकरी 8 घरं हवी असतात आणि रस्ता नेमका या घरावरून जातो. शेजारीही असेच प्लॉट. सगळ्यांचे सेप्टिक टँक नीट चाललेले, मग ड्रेनेज लाइनचे पैसे कोण भरणार? जमीन 20 वर्षांच्या हिशेबात धरलेली, पण शहराच्या उपयोगाची राहिलेली नाही.

वेळेवर केला तर यावरचा उपाय स्वस्त आहे. बांधकाम परवानगी देतानाच काउंटीने मालकाकडून पुढचा ले-आऊट काढून घ्यायचा : रस्ता कुठून जाईल, प्लॉट पुढे कसा फुटेल. घर मग एका कोपऱ्यात बसतं, बाकी जागा सलग मोकळी राहते. त्याहून चांगलं म्हणजे हद्दवाढ होईपर्यंत या पट्ट्यात प्लॉटच पाडू द्यायचे नाहीत.

हे सगळं शहर आणि काउंटीच्या लेखी करारात यावं लागतं. आलेल्या अर्जाला कुणाचे नियम लावायचे, शहराला नोटीस किती दिवस आधी द्यायची, नव्या रस्त्याची रुंदी कुणाच्या मापाने धरायची, आणि हद्दवाढीनंतर जुना रस्ता कुणी सांभाळायचा. हा शेवटचा मुद्दा गुळमुळीत लिहिला की भांडण ठरलेलं. काउंटीचा रस्ता म्हणजे डांबराच्या दोन लेन, खडीची साइडपट्टी, कडेला उघडा चर. शहराला फुटपाथ, बंद गटार, दिवे लागतात. हा खर्च कुणाचा ते लिहिलेलं नसलं की घरं शहरात जातात आणि रस्ता काउंटीच्या गळ्यात राहतो.

ड्रेनेजला हद्द कळत नाही, उतार कळतो. 8 इंची लाइनला दर 100 फुटांमागे किमान 0.4 फूट उतार लागतो, म्हणजे मैलाला सुमारे 21 फूट. टेकडीपलीकडची जमीन सीमेत घेतली की पंपिंग स्टेशन आलं, आणि त्याचं वीजबिल कायमचं. म्हणून सीमा आखताना आधी पाणलोट बघावा, सातबाऱ्यासारख्या मालकीच्या रेषा नंतर.

पोर्टलँडच्या आग्नेयेला, क्लॅकमस काउंटीत, डमॅस्कसचा भाग 2002 मध्ये पोर्टलँड परिसराच्या वाढीच्या सीमेत घेतला. 2004 मध्ये तिथल्या लोकांनी शहर स्थापन केलं. जमीन उंचसखल, ओढ्यांनी कापलेली. पाणी आणि ड्रेनेज न्यायचं तर अफाट खर्च. विकास आराखड्यावर गावाचं एकमत कधी झालंच नाही, आणि 2016 मध्ये मतदारांनी शहरच बरखास्त करण्याचा कौल दिला.

कोलोरॅडोतल्या बोल्डरने उलट क्रम धरला. तिथे 1970 च्या दशकापासून शहर आणि काउंटीचा आराखडा एकच आहे. क्षेत्र 1 शहरातलं, क्षेत्र 2 पुढे शहरात येणारं, क्षेत्र 3 मुख्यतः ग्रामीण राहणारं. शहराच्या सोयी हव्या असतील तर सहसा आधी हद्दीत यावं लागतं.

सेप्टिक निकामी झाला की मात्र हद्दीबाहेरही कनेक्शन द्यायची वेळ येते. तेव्हा मालकाकडून हद्दवाढीची लेखी संमती घ्यायची आणि ती जमिनीच्या दप्तरात नोंदवायची. नुसती शहराच्या फायलीत ठेवली, तर पुढे घर विकलं जातं आणि नव्या मालकाला तिचा पत्ताच नसतो.