मुंबैकराचा हात ग्रामसभेत वर जावा का?

(दृश्य: लाल मातीची पाखाडी, दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे. एका घराला कुलूप, पडवीत पालापाचोळा.)

हे घर बंद आहे. शेजारचंही बंद. त्याच्या पुढच्या घरात एक म्हातारी आणि तिची सून, आणि मग परत दोन कुलपं. रत्नागिरी घ्या नाहीतर सिंधुदुर्ग, कुठल्याही वाडीत शिरलात की थोड्याफार फरकाने हेच दिसणार. २०११ ची जनगणना काढून बघा, अख्ख्या महाराष्ट्राची माणसं वाढली आणि हे दोन जिल्हे आटले. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. राज्यात तिसरा घटलेला जिल्हा कुठला, तर मुंबई शहर, म्हणजे चाळ सोडून नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेलेली माणसं, आणि त्यातलीही बरीचशी आपल्याच कोकणातली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. पुरुष कुठे आहेत हे वेगळं सांगायला नको, मुंबईला कामाला गेलेल्या या माणसांनाच गाव मुंबैकर किंवा चाकरमानी म्हणतं.

आता गंमत अशी की घर बंद असलं तरी घरपट्टी भरली जाते. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळेपासून सामायिक नावं आहेत, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराचं पावतीबुक चाळलं तर मोठे आकडे सगळे मुंबईचे. मग नळपाणी योजनेची विहीर कोणाच्या परड्यात खणायची, रस्ता कोणाच्या आंब्याच्या कलमांमधून काढायचा, चिरेखाणीला ना हरकत द्यायची की नाही, हे गाव ठरवतो तेव्हा त्या कुलूपवाल्या घराला किती विचारायचं?

या एका प्रश्नावरून कोकणात भावाभावांनी बोलणं टाकलेलं आहे.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं ऑफिस, भिंतीवर मतदार यादी.)

आधी कायदा बघू, तो फार मोठा नाहीये. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत ज्यांचं नाव आहे ती सगळी माणसं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून बनते, आणि विधानसभेच्या यादीत यायचं तर तुम्ही तिथले सर्वसाधारण रहिवासी पाहिजेत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० तर स्पष्टच सांगतं, नुसतं घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून माणूस रहिवासी ठरत नाही. त्याच कलमात हेही आहे की तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास जात नाही. आता तात्पुरता म्हणजे किती? गिरणीत लागलेला माणूस तीस वर्षं तात्पुरताच मुंबईत होता की, रिटायर झाल्यावर गावाला जायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असायचं त्याचं, खोली भाड्याची, बायको गावाला, भात गावाला, आणि त्याला विचारलंत तर तो तेव्हाही हेच सांगायचा की मी इथे फक्त कामाला आहे.

या फटीतूनच सगळं होतं. नाव गावच्या यादीत राहू द्यायचं, निवडणूक आली की उमेदवाराने गाडी करायची, रात्रभर प्रवास, सकाळी बोटाला शाई, जेवण, आणि परत गाडी. २०१७ मध्ये सरपंच थेट निवडून द्यायची पद्धत आली, २०२० ला ती काढली, २०२२ ला परत आणली, आणि थेट निवडणुकीत एकेक मताचा भाव चढला. छोट्या गावात वीस-पंचवीस मतांनी सरपंच ठरतो. म्हणजे एक मिनीबस.

काहींचं नाव मुंबईतही असतं आणि गावालाही. हे सरळ बेकायदेशीर आहे, दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुबार मतदारांवरून २०२५ मध्ये राज्यात एवढा गदारोळ झाला, पण गावाकडे याला कोणी गुन्हा मानतच नाही. मुळं इकडे आहेत, मग नाव का काढू, असं सरळ तोंडावर विचारतात.

(दृश्य: मुंबईतला एक छोटा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, मंडळाचा बॅनर.)

रविवारी दुपारी लालबाग, परळ, भांडुप, विरार, कुठेतरी अशी मीटिंग चालू असतेच. अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई. यांना नुसती वर्गणी गोळा करणारी मंडळी समजू नका. गावच्या शाळेची कौलं, स्मशानाची शेड, साकव, पालखीचा खर्च, हे सरकार पोचायच्या कितीतरी आधी या मंडळांनी केलेलं आहे. जलस्वराज्य ही पाणीयोजना आली तेव्हा योजनेच्या खर्चाचा १० टक्के वाटा लोकवर्गणीचा होता, आणि गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी तो कुठून द्यायचा, तो मुंबईच्या पगारातून आला. मग पैसे देणारा म्हणतो टाकी आमच्या वाडीच्या वर बांधा. आणि गावातली बाई म्हणते, पाणी तू वर्षातून पंधरा दिवस पिणार, मी तीनशे पन्नास दिवस भरणार.

मला विचाराल तर या ठिकाणी ती बाई शंभर टक्के बरोबर आहे. पाणी, लाईट, शाळा, आरोग्य केंद्रातली नर्स येते की नाही, रेशन, दारूचं दुकान, हे तिथे रोज झोपणाऱ्या-उठणाऱ्या माणसाचे विषय आहेत. मुंबईच्या हॉलमध्ये ठराव करून गावच्या सरपंचाला फोनवर सांगायचं की असं असं करा, हे मी चालताना पाहिलंय आणि ते बघून राग येतो. सरपंच बाई असली तर अजूनच, तिच्याशी बोलायचंच नाही, तिच्या नवऱ्याला फोन. वर ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तो कोरम लागतो, यादीत निम्मी नावं मुंबईची असली की तो भरत नाही, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणजे न राहणाऱ्यांची नावं यादीत ठेवून गावाचं भलं होतं असंही नाही, उलट शेवटी आठ-दहा माणसं बसतात आणि सगळ्यांच्या नावाने ठरवून मोकळी होतात.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेचा वर्ग, बाक भिंतीला लावलेले.)

२०२० चा मे आठवा. त्या वर्षी पहिल्यांदा गावाने मुंबैकराला वेशीवर थांबवलं. गावोगावी सरपंचांच्या हाताखाली ग्राम कृती दलं झाली होती, शाळेत चौदा दिवस क्वारंटाईन, जेवण घरून यायचं आणि लांब ठेवून जायचं. गणपतीला किती दिवस आधी यायचं यावरून पार मंत्रालयापर्यंत चर्चा गेली, चौदाचे शेवटी दहा झाले. ज्या देवळाला आपण लाख रुपये दिले त्याच्यासमोरच्या शाळेत आपल्याला कोंडलं, हे काहींच्या मनातून अजून गेलेलं नाही. पण नीट विचार केला तर गावाचं काय चुकलं? तिथे राहिलेल्यांत म्हातारी माणसं जास्त आणि व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल दीड-दोन तासांवर. घर तुमचं, धोका त्यांचा, मग निर्णय त्यांनीच घ्यायला पाहिजे होता. तो त्यांनी घेतला, जरा जास्तच कडकपणे घेतला, आणि काही ठिकाणी जुने हिशोबही चुकते केले, तेही खरं.

(दृश्य: बारसूचा सडा. काळा-तांबूस कातळ, त्यावर कोरलेल्या आकृत्या.)

इथे मात्र गोष्ट तेवढी सोपी राहत नाही.

राजापूर तालुका. आधी नाणार, वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची रिफायनरी, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम आणि पुढे २०१८ मध्ये करार करून आलेली सौदी अरामको. विरोध एवढा झाला की मार्च २०१९ मध्ये तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द करावी लागली. मग जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने केंद्राला बारसूची जागा सुचवली, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला यंत्रं आली तेव्हा उन्हात सड्यावर बायका आडव्या झाल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. परिसरातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव आधीच केलेले होते. याच सड्यावरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

या सगळ्यात चाकरमानी पहिल्यापासून होता. मुंबईत मीटिंगा, आझाद मैदान, निवेदनं, सोशल मीडिया, वकील, आणि गाड्या भरून गावी जाणंसुद्धा. सत्तेतली मंडळी म्हणायला लागली की बाहेरची माणसं येऊन भडकवतायत. बाहेरची म्हणजे कोण, तर ज्याच्या आजोबाची चूल त्या गावात आहे आणि जो नोकरीला गोरेगावला आहे, तो बाहेरचा. आणि त्याच वेळी प्रकल्पाची कुणकुण लागताच ज्यांनी सड्यावरच्या जमिनी मातीमोल भावाने उचलल्या, अशा लांबलांबच्या गुंतवणूकदारांबद्दल आरोप होत होते, ते मात्र कागदावर जमीनमालक, त्यांची संमती ही स्थानिक जमीनमालकाची संमती म्हणून धरता येते. समर्थनाचा हिशोब एकरात सांगितला जात होता, माणसांत नाही.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबतो. ग्रामसभा विचारते तू कुठे राहतोस. भूसंपादन विचारतं सातबाऱ्यावर नाव कोणाचं. चाकरमानी पहिल्या प्रश्नाला नापास होतो म्हणून तो म्हणतो की दुसऱ्या प्रश्नावर मला मत द्या, माझी जमीन आहे, माझी घरपट्टी आहे. ऐकायला बरोबर वाटतं. पण मालकीवर मत दिलंत की त्या दारातून सगळ्यात आधी चाकरमानी शिरणार नाही, तो गुंतवणूकदार शिरणार आहे, ज्याच्याकडे तुमच्या चार गुंठ्यांच्या सामायिक हिश्श्यासमोर दोनशे एकर आहेत. त्याच्यामागून डोंगर कापून बंगलो स्कीम करणारे बिल्डर. आणि हे आपल्याकडे होऊन गेलंय, इंग्रजांच्या काळात म्युनिसिपालिटीचं मत कर भरणाऱ्यांना होतं, परळच्या खोलीत पाळीने झोपणारा आपला पणजोबा तेव्हा मुंबईतही मतदार नव्हता. जी व्यवस्था त्याला मुंबईत नाकारत होती तीच गावाला आणायची का?

गोव्यात याचं एक वेगळं उत्तर शेकडो वर्षं चालत आलंय. तिथे कोमुनिदाद आहेत, म्हणजे गावकारी, गावच्या सामायिक जमिनीच्या संस्था. गावकर हा वंशाने गावकर, तो मुंबईला धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गावाच्या क्लबाच्या खोलीत, राहो नाहीतर लिस्बनला, त्याचा हक्क आणि झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, त्याची. आणि रस्ता, कचरा, पाणी बघायला वेगळी निवडून दिलेली पंचायत. जमीन एकीकडे, कारभार एकीकडे. कागदावर हे छान दिसतं, पण प्रत्यक्षात वाद, अतिक्रमणं, कोर्टकचेऱ्या, आणि वारसा पुरुषांकडून चालत आल्यामुळे बायका बाहेर. आपल्याकडच्या गावरहाटीतही, म्हणजे देवळाच्या मानपानाच्या जुन्या रीतीतही, मानकरी असेच वंशाने ठरतात, पालखी पहिली कोणाच्या दारात जायची यावरून शिमग्याला पोलीस बंदोबस्त लागतो, ते ग्रामपंचायतीत आणून काय मिळवणार?

(दृश्य: गणपतीच्या दिवसातलं गाव. गाड्या लागलेल्या, अंगणात माणसं.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच, हात वर करायचा तो राहणाऱ्याने. पण ऐकून घ्यायला कोणी बंदी घातलीये? रिफायनरी, खाण, धरण, देवराई तोडून रस्ता, म्हणजे जे एकदा झालं की परत मागे घेता येत नाही, अशा विषयाला गणपतीत किंवा मे महिन्यात एक जाहीर बैठक लावावी, सगळे आलेले असतात, मुंबैकरांनी बोलावं, त्यांचं म्हणणं नावासकट लिहून घ्यावं, आणि नंतरच्या ग्रामसभेत ठरावाच्या आधी ते वाचून दाखवावं. मतदान गावाचं. यासाठी कुठला कायदा बदलायची गरज नाही, सरपंचाची तयारी लागते फक्त. आणि माहितीचा अधिकार तर रहिवास विचारतच नाही, भारताचा कुठलाही नागरिक दहा रुपये भरून ग्रामपंचायतीचं ठरावबुक मागू शकतो, टाकीचं अंदाजपत्रक मागू शकतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर सरपंचाला शिव्या घालणाऱ्या किती जणांनी तो अर्ज केलाय?

ज्याला मतच पाहिजे त्याने गावी येऊन राहावं, आठ नंबरचा फॉर्म भरून नाव हलवावं. लॉकडाऊननंतर काही जण राहिलेही, कोणी काजूची फॅक्टरी टाकली, कोणी होमस्टे. त्यांना ग्रामसभेत अजून मुंबैकरच म्हणतात, आणि ते काही बोलले की कोणीतरी मागून म्हणतंच, तू कालचा.

(दृश्य: हापूसची बाग, राखणीची खोपी. मग चिरेखाण, मशीनचा आवाज, लाल धूळ.)

आणि राहणाऱ्याचा गाव म्हणायचं असेल तर मग हेही बघावं लागेल. बागेत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मोहोर यायच्या आधीपासून आंबा उतरेपर्यंत, काही ठिकाणी तर बारा महिने. ते दुसऱ्या देशाचे, त्यांना मत नाही, ठीक आहे. पण चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली माणसं आहेत, भारताचे नागरिक, कित्येक वर्षं इथेच, मुलं गावच्या शाळेत, आणि पटसंख्या कमी म्हणून बंद पडायला आलेली ती शाळा याच मुलांच्या जिवावर टिकलेली. कलम २० प्रमाणे ते इथले रहिवासी आहेत, विरारला राहणाऱ्या आपल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्यातल्या कोणी यादीत नाव घालायला अर्ज केला, तर हरकत घ्यायला गावकरी आणि मुंबैकर दोघेही एकाच रिक्षातून तहसीलला जातील.