पिवळ्या रेषेचा खर्च

पडद्यावर दिसते आहे ते सोलापूरच्या पूर्व भागातले, विडी वळणाऱ्या बायकांचे अंगण आहे. पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पाने मऊ झाली की त्यांच्यावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने एकसारखे तुकडे कापले जातात. मांडीवरच्या सुपात एका बाजूला या पानांची चवड आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू असते. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, बोटांनी पान वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे, एवढे सारे काम काही सेकंदांत उरकते; शेजारणीशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलणाऱ्या या अक्कांना त्यासाठी सुपाकडे पाहावेही लागत नाही. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधला जातो, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि कारखान्यात नापसंत ठरलेला माल छाट म्हणून बाजूला काढला जातो.

तरुणांना धूम्रपानापासून दूर ठेवण्यासाठी सरकार किती आणि कसा पैसा खर्च करते, याची चर्चा सोलापुरात तरी या अंगणाला वगळून करता येत नाही. 1976 साली केंद्राने विडी कामगारांसाठी दोन कायदे केले. एकाने विडीवर उपकर बसवला आणि दुसऱ्याने त्या रकमेतून कामगारांचे आरोग्य, घरे व मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी कल्याण निधी उभारला. सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची जी वसाहत उभी राहिली, तिच्यात कामगारांच्या स्वतःच्या पैशाबरोबर केंद्र आणि राज्याच्या अनुदानाचाही वाटा आहे. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर संपला. विडीच्या पैशातून विडी वळणारीचे कल्याण व्हावे, हे तत्त्व चाळीस वर्षे कायद्यात होते. विडी ओढायला शिकणाऱ्या मुलाला अडवण्यासाठी त्याच पैशातला ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही, किंवा आले असले तरी ते कायद्यात उतरले नाही.

आता ही शाळा पाहा. फाटकापासून टेप लावून दोन मुले निघाली आहेत, मागे एक शिक्षक वहीत आकडा लिहून घेत आहेत आणि तिसऱ्या मुलाच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा आहे. टेप तीस मीटरची असल्याने तीन वेळा उचलावी लागते, मधूनच एक रिक्षा तिच्यावरून जाते आणि मोजणी पुन्हा सुरू होते. 100 यार्ड म्हणजे सुमारे 91 मीटर. 2003 च्या सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने कायद्याने शिक्षण संस्थेपासून एवढ्या अंतरात तंबाखूची विक्री बंद केली आहे आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती कोठेही विकण्यास मनाई आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तंबाखूमुक्त शिक्षण संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या अंतरावर पिवळी रेषा आखायची असते. नियमाप्रमाणे हे अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सर्व दिशांनी त्रिज्येसारखे मोजले पाहिजे. टेप मात्र रस्त्याच्या वळणाने जाते. त्यामुळे शाळेच्या मागच्या बोळातली ही टपरी रस्त्याने चालत गेल्यास रेषेच्या पलीकडे भरते, आणि मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी मारणाऱ्या मुलाला ती हाताच्या अंतरावर असते.

या टपरीवरच्या बरणीकडे थोडे लक्ष द्यावे. पाकिटावर 85 टक्के जागा व्यापणारे धोक्याचे चित्र 2016 पासून सक्तीचे आहे, पण बरणीतून सुटी सिगारेट किंवा कट्ट्यातून काढलेली एकच विडी घेणाऱ्या मुलाला ते चित्र दिसतच नाही, आणि खिशातल्या सुट्या पैशांत त्याचे भागते. म्हणूनच सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. शाळेजवळ विक्री केल्यास दंड 200 रुपयांपर्यंत आहे. ही रक्कम 2003 साली ठरली आणि अजूनही तीच आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अल्पवयीनाला तंबाखू देणाऱ्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. टपरीवाल्याला मात्र ठाऊक असते ती दोनशेची पावती.

शासनाचा पैसा येतो तो राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमातून. 2007-08 मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम आता राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली चालतो आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात त्याचा खर्च केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. जिल्हा कक्षाने प्रशिक्षण, प्रचार, शाळांतील उपक्रम, समुपदेशन आणि कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख, एवढे सारे सांभाळायचे असते. कागदावर आखणी चांगली आहे. प्रचाराचा मोठा जोर मात्र 31 मेच्या जागतिक तंबाखूविरोधी दिनावर असतो, आणि 31 मे रोजी महाराष्ट्रातल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे बंद असतात. पडद्यावरील फेरीत बॅनर आहेत, टोप्या आहेत, पाहुणे आहेत. ज्यांच्यासाठी फेरी निघाली ती मुले त्यात फारशी नाहीत.

वयाचा प्रश्नही याच नियोजनातला आहे. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील 13 ते 15 वयोगटातले 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचे कोणते ना कोणते उत्पादन वापरताना आढळले. त्याच सर्वेक्षणानुसार विडी ओढणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी 47 टक्के मुलांनी पहिली विडी वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच ओढली होती. म्हणजे नववीच्या वर्गात व्याख्यान ठेवले तर या मुलांपर्यंत आपण चार-पाच वर्षे उशिरा पोहोचतो. चौथीच्या मुलाशी कर्करोगाच्या छायाचित्रांतून बोलता येत नाही. त्याच्याशी बोलायला वेगळे साहित्य, वेगळे प्रशिक्षण आणि वर्षभर शाळेत येणारा माणूस लागतो, आणि खर्चाचा खरा भार या माणसाच्या पगाराचा असतो.

पैसा राखून ठेवता येतो, हे इतरत्र घडलेले आहे. कॅलिफोर्नियातील मतदारांनी 1988 साली सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर 25 सेंट जादा कर मंजूर केला आणि त्यातला 20 टक्के वाटा तंबाखूविरोधी शिक्षणासाठी बांधून दिला. थायलंडने 2001 मध्ये तंबाखू आणि मद्यावरील करावर 2 टक्के अधिभार लावून आरोग्य प्रसाराचा स्वतंत्र निधी उभारला. उलट उदाहरणही अमेरिकेचेच आहे. राज्यांनी लावलेल्या दाव्यांच्या 1998 च्या तडजोडीत सिगारेट कंपन्यांनी 46 राज्यांना पंचवीस वर्षांत 200 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले, पण प्रतिबंधावरच खर्च करण्याचे बंधन नसल्याने बहुतेक राज्यांनी तिचा मोठा भाग इतर कामांकडे वळवला. आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटसाठी 40 टक्क्यांचा टप्पा ठरवला आणि विडीवरील कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. अंगणातल्या अक्कांची मजुरी यातून वाढेल की नाही, हा वेगळा विषय आहे. बोळातल्या टपरीवर विडी महाग होण्याचे एक कारण मात्र कमी झाले.

तंबाखूच्या परिणामांची नोंद याच जिल्ह्यात आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली बार्शीत सुरू झाली.

आमची मागणी मोठ्या रकमेआधी वेळापत्रकाची आहे. मोहिमेचा पैसा शाळा उघडताना, म्हणजे जूनच्या मध्यावर हाती असावा, पावसाने पुसलेली रेषा दिवाळीनंतर पुन्हा आखण्याची तरतूद त्यात असावी आणि तो रंग शिक्षकांच्या खिशातून येऊ नये. चौथी-पाचवीसाठी नेमलेला समुपदेशक वर्षभर कामावर राहावा. जिल्ह्याला किती रक्कम मिळाली, ती कोणत्या महिन्यात आली आणि कोणत्या शाळेवर खर्च झाली, हे लिहिलेला कागद ‘तंबाखूमुक्त शाळा’ या फलकाशेजारीच चिकटवता येईल.