आधी पडायचं, मग पाडायचं

(दृश्य: शाळेचं सभागृह, मॅट जोडणारे हात)

कोथरूडमधल्या एका शाळेचं हे सभागृह. संध्याकाळी इथं आयकिडो या जपानी युद्धकलेचा वर्ग भरतो आणि त्याची सुरुवात शहाबादी फरशी पुसण्यापासून होते. पावसाळ्यात फरशीला ओल धरते. ती तशीच ठेवून वर मॅट टाकल्या, तर जोरात पाऊल पडताच त्या सरकतात. या मॅट चार सेंटिमीटर जाडीच्या आहेत. कराटेच्या वर्गाला दोन सेंटिमीटर चालून जातात, पण इथं माणूस पाठीवर पडणार आहे. दातेरी कडा एकमेकींत पूर्ण बसवायच्या. फट राहिली, की पायाचं बोट नेमकं तिथंच अडकतं.

घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या. नखं कापलेली हवीत. सुती जॅकेटची डावी बाजू उजवीवर घ्यायची आणि पट्ट्याची गाठ बेंबीखाली मारायची. वज्रासनात बसून नमस्कार झाला, की सराव सुरू.

(दृश्य: मागे पडणं, संथ गतीत)

नवीन विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कुणाचंही मनगट पिरगळायला शिकवत नाहीत. त्याला पडायला शिकवतात. जपानीत याला उकेमी म्हणतात. आधी मागे पडणं. मागच्या पायाचा गुडघा दुमडायचा, पाऊल पालथं मॅटवर टेकवायचं आणि टाचेला लागून खाली बसायचं. बोटं खोचलेली राहिली, तर सगळं वजन अंगठ्यावर येतं. हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर. नजर छताकडे गेली, की डोकं मागे जातं आणि आपटतं. आणि हात मागे टेकायचा नाही. घाबरलेला माणूस नेमका तोच टेकतो आणि सगळं वजन एकट्या मनगटावर येतं. "हनुवटी आत घ्या, ताई. अजून आत," हे वाक्य या सभागृहात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं.

मग पुढची गडगडी, माए उकेमी. उजवा पाय पुढं असेल, तर उजवा हात गोलाकार पुढं न्यायचा. करंगळीकडची कड मॅटला आधी लागते, मग मनगटाच्या पुढचा हात, दंड, खांद्याची मागची बाजू, आणि तिथून पाठीवरून तिरकं डाव्या कमरेपर्यंत. डोकं मॅटला लागतच नाही. मान डावीकडे वळवलेली असते. हात कोपरात मोडला, तर खांद्याचं टोक थेट आपटतं आणि गळ्याचं हाड दुखावतं. सरळ मणक्यावरून गडगडलं, तर एकेक मणका मॅटवर ठेचत जातो. म्हणून उभ्यानं गडगडायची घाई नको. आधी गुडघ्यावर बसून, मग ओणवं होऊन, मग चालता चालता. डावी बाजूही तितक्याच वेळा करायची. बहुतेक उजवे लोक तीच टाळतात आणि पुढं तिथंच अडतात.

आयकिडो घडवला मोरिहेई उएशिबा यांनी. जन्म 1883, जपानमधलं तानाबे. 1915 मध्ये होक्काइदोत ते ताकेदा सोकाकू यांच्याकडून दाइतो-र्यू ही जुजुत्सूची शैली शिकले. मनगट, कोपर आणि खांद्याच्या सांध्यांवरचे कितीतरी डाव तिथूनच आले. मुख्य प्रवाहातल्या, म्हणजे आयकिकाई या मुख्य संघटनेच्या आयकिडोत स्पर्धा नाहीत. जोडीदार आळीपाळीनं हल्ला करतो आणि डाव झेलतो. चार वेळा एकानं करायचं, उजवीकडून आणि डावीकडून, मग अदलाबदल. म्हणजे प्रत्येकाचा अर्धा सराव पडण्यातच जातो. ज्याला पडता येत नाही, त्याच्यावर डाव पूर्ण करताच येत नाही, आणि जोडीदाराचंही शिकणं थांबतं.

(दृश्य: शिहो-नागे, समोरून आणि मागून)

हा शिहो-नागे, म्हणजे चार दिशांना फेकण्याचा डाव. जोडीदारानं मनगट धरलं आहे. पाऊल पुढं टाकून, त्याच्या हाताखालून वळून, त्याचं मनगट त्याच्याच खांद्यामागे आणायचं आणि सरळ खाली कापत न्यायचं. मनगट खांद्याला चिकटून राहिलं पाहिजे. ते बाहेर ओढलं, तर कोपर आणि खांदा दोन्ही पिरगळतात आणि पडणाऱ्याला वळून सुटता येत नाही. मनगट घट्ट धरूनच आपटलं, तर डोक्याची मागची बाजू मॅटवर येते. म्हणून नवख्यावर हा डाव गुडघा टेकून, हळू करतात. दुखलं, की पडणारा मॅटवर किंवा अंगावर दोनदा थाप मारतो. त्याच क्षणी सोडायचं. तिसऱ्या थापेची वाट बघायची नाही.

पडणं पक्कं होण्याआधी डाव शिकवले, तर दुखापती होतात आणि चांगली माणसं वर्ग सोडून जातात.

(दृश्य: दारात उभे नवे विद्यार्थी आणि पालक)

वर्ग निवडताना पट्ट्यांचे रंग बघू नका. एक तास कडेला बसून बघा. मॅट किती जाड आहे, खाली फरशी आहे की लाकूड, नवख्यांना उकेमीसाठी किती वेळ देतात आणि कुणी थाप मारली, तर हात किती लवकर सुटतो, एवढं पाहा. मग सरांना विचारा: पहिला महिना काय शिकवता? उत्तरात पडण्याचं नाव आधी आलं, तर नाव नोंदवा.