एका खोलीतलं राज्य आणि आजीची पेटी

(दृश्य : पहाट. छत्रपती संभाजीनगरची एक गल्ली, नळापुढं रांगेत ठेवलेले हंडे.)

आमच्या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला येतं ते दिवस मोजून. पाण्याची पाळी चुकली की गल्लीतल्या बायका नगरसेवकाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढं पाच वर्षांहून जास्त काळ बायकांना जायला ते दारच उरलं नाही. माझ्या धाकट्या भावाला त्याच वर्षी अठरा पूर्ण झाली. त्यानं लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं. वॉर्डासाठी द्यायला मिळेना.

त्या वर्षांत मी एका वेगळ्याच देशाच्या निवडणुकांमागं लागले. टालोसा त्याचं नाव.

(दृश्य : नकाशा. मिशिगन सरोवराच्या काठचं मिलवॉकी शहर.)

२६ डिसेंबर १९७९. अमेरिकेतल्या मिलवॉकीत रॉबर्ट बेन मॅडिसन या १४ वर्षांच्या मुलानं आपली झोपायची खोली स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केली. ‘टालोसा’ म्हणजे फिनिश भाषेत ‘घरात’. दुसऱ्याच वर्षी त्यानं या राज्यासाठी नवी भाषाही रचायला घेतली. जगातल्या एकाही सरकारनं टालोसाला मान्यता दिलेली नाही. पण नव्वदच्या दशकात ते इंटरनेटवर आलं, आणि मिलवॉकी कधी डोळ्यांनी न पाहिलेली माणसं नागरिकत्व मागायला लागली.

त्यांची संसद मला फार आवडते. प्रांत आठ, आपल्या मराठवाड्याच्या जिल्ह्यांइतकेच. प्रत्येक प्रांतातून एक सिनेटर. खालचं सभागृह म्हणजे ‘कोसा’, त्यात २०० जागा. आता देशच मूठभर माणसांचा, मग २०० खुर्च्यांवर बसायला माणसं आणायची कुठून? म्हणून मतदार मत पक्षाला देतो. शंभरातली दहा मतं मिळाली तर पक्षाला २० जागा. त्या जागा पक्ष आपल्या हाताशी असलेल्या माणसांत वाटतो, म्हणजे एकच सदस्य कित्येक जागा सांभाळतो आणि ठरावावर त्याचा कौल तितक्या वजनाचा धरतात. बहुमत जुळवावं लागतं, आघाडी करावी लागते, रुसलेल्या मित्रपक्षाला मनवावं लागतं. पंतप्रधानाला ते ‘सेनेशाल’ म्हणतात.

पुढं तिथं फूट पडली. राजाचा शब्द कुठवर चालावा, यावरून नवे-जुने नागरिक भांडले आणि २००४ मध्ये एक गट बाहेर पडला. त्यांनी स्वतःचं प्रजासत्ताक काढलं. पुढच्याच वर्षी मॅडिसननं राजेपद सोडलं. दोन्ही टालोसा पुन्हा एक व्हायला २०१२ उजाडलं. आठ वर्षं दोन्हीकडं निवडणुका होत राहिल्या. ना रस्त्याचं कंत्राट, ना साखर कारखाना. हातात काही पडणार नसताना ही माणसं मतं मोजत राहिली. मला यात पोरखेळ दिसत नाही. आपल्यावर कोण राज्य करणार हे आपल्याला विचारलं गेलं पाहिजे, एवढ्याचसाठी कुणी वर्षानुवर्षं खपतं, तेव्हा मला माझी आजी आठवते.

(दृश्य : बीड जिल्ह्यातला जुना वाडा, ओसरीवरची रिकामी बाज.)

आजी निजामाच्या राज्यात जन्मली. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेलं. पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच राहिला, पाच जिल्ह्यांचा. १९५२ मध्ये पहिल्यांदा प्रौढ मताधिकारानं मतदान झालं. त्या वेळी उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. कागदावर शिक्का मारायचा नव्हता. मिळालेली चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत सोडायची. आजी सांगायची, “पडद्याआड गेले तर पेट्याच पेट्या. बैलजोडी तेवढी वळखू आली. हात असा थरथरत व्हता की चिठ्ठी फटीतच जाईना.” ती निरक्षर होती. पुढं मरेपर्यंत एकही मतदान तिनं चुकवलं नाही.

टालोसात एक कायदा आहे. लागोपाठ तीन सार्वत्रिक निवडणुकांत मत दिलं नाही, की नागरिकत्व जातं. मी हे वाचलं तेव्हा भाऊ शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “ताई, इथं तर निवडणूकच लावली नाही. मग कुणाचं काय जायला पाहिजे?”

त्याला उत्तर द्यायला मला सुचलं नाही. मी त्याला आजीच्या पेटीची गोष्ट सांगितली. ऐकून त्यानं विचारलं, चिठ्ठी शेवटी टाकली कोणत्या पेटीत?

ते आजीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आजोबांनासुद्धा नाही.